आमची वाटचाल: भांडुपचा गाळा, गणपतीचे पाट आणि एक स्वस्तातलं रंधा मशीन

भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा छोटासा गाळा आहे. पाट, चौरंग, घडीचं लाकडी मखर, देवघराचे कप्पे असलं काम आम्ही करतो. मी, बायको आणि तिचा भाऊ, झालं, सीझनला गावाकडची दोन-तीन पोरं येतात ती वेगळी. बाबा मिस्त्री होते, लालबाग-परळच्या चाळींतल्या दारं-खिडक्यांची कामं करायचे. त्यांच्याकडून मला पटाश्या मिळाल्या, दोन रंधे मिळाले, आणि रंधा कसा लागतोय ते नुसत्या आवाजावरून ओळखायची सवय मिळाली. पुढे मशीन घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त कामाला आली ती ही सवयच.

पाट-मखराकडे आम्ही वळलो ते थर्माकोल बंद झाल्यावर. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, आणि गणपतीच्या मखराचं काय करायचं हा प्रश्न घराघरांत उभा राहिला. पुठ्ठ्याची, कापडाची, फोमची मखरं बाजारात आली, प्लायची तर सगळेच करायला लागले. आम्ही म्हटलं आपण पाइन लाकूड धरूया, हलकं असतं, दिसायला छान, पॉलिश बरं लागतं, आणि मुंबईत पाइन मिळायला त्रास नाही, रे रोड-दारुखान्याच्या वखारी आहेत, आणि पॅकिंगचं पाइन म्हणाल तर भिवंडीच्या गोडाऊनांतून निघालेल्या पॅलेटांचे, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचे, ढीगच्या ढीग विकायला असतात. पॅलेट घेताना शिक्का तेवढा बघायचा, एचटी लिहिलं असेल तर लाकूड तापवून किडीमुक्त केलेलं असतं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते आम्ही हातात धरत नाही, देवाच्या पाटाला तर नाहीच नाही.

आता पाट म्हणजे काय, तीन-चार फळ्या कडेला कडा लावून फेविकॉलने जोडायच्या. ऐकायला सोपं. पण वखारीतून आलेली एक फळी तेवीस मिलिमीटर, दुसरी पंचवीस, तिसरीला मधोमध बाक, चौथीला पीळ, आणि सगळ्यांच्या कडा तिरक्या. अशा फळ्या क्लॅम्पमध्ये आवळल्या की त्या दिवशी पाट सरळ दिसतो, आठवड्याने सांध्यात केस घुसेल एवढी फट पडते. हातातला इलेक्ट्रिक रंधा आमच्याकडे होता पण त्याचं पातं ८२ मिलिमीटर रुंद, चार इंची फळीवर दोन पट्टे मारायचे म्हणजे मध्ये पायरी येणारच, मग ती घासत बसा. वखारीत मोठ्या मशीनवर मारून आणायचं तर टेम्पोचं भाडं, आणि तिथे मोठ्या ऑर्डरी चालू असल्या की आमच्या पंधरा-वीस फळ्यांना कोण विचारतो.

म्हणून मशीन घ्यायचं ठरलं, बजेट पन्नास हजारांच्या आतबाहेर. गाळ्यात थ्री फेज, म्हणजे मोठ्या मशीनांना लागणारी वीज, नाही, घरगुती वायरिंगवर चालेल असंच काहीतरी हवं होतं. तीन रस्ते दिसले. पहिला म्हणजे आपल्याकडे मिस्त्री लोक ज्याला रंधा मशीन म्हणतात ते बिडाचं देशी मशीन, खाली मोटर, बाजूला पट्टा, वर लांब टेबल. वजनदार, आयुष्यभर चालतं, पण आमच्या पोटमाळ्याच्या गाळ्यात ते शिरलं असतं तर आम्ही बाहेर बसलो असतो. दुसरा रस्ता नुसता थिकनेसर, डिवॉल्ट-मकिता या कंपन्यांच्या टाईपचा, टेबलवर ठेवायचा डबा. बारा-तेरा इंच रुंदी, जाडी एकदम एकसारखी करून देतो. तिसरा म्हणजे प्लेनर आणि थिकनेसर एकात असलेलं छोटं मशीन, आठ-दहा इंच रुंदी, पंधराशे वॅट, वरच्या टेबलवर फळी सरळ करायची आणि खालून घालून जाडी करायची.

इथे लोकांचा फार गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. थिकनेसर फळी सरळ करत नाही! तो फक्त वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो. फळीला पीळ असेल तर आतले रोलर तिला दाबून सपाट करून पात्याखालून नेतात आणि बाहेर पडल्यावर ती परत पिळते, हाताने दाबलेला पापड सोडल्यावर होतो तसं. म्हणजे तुम्हाला एकसारख्या जाडीची वाकडी फळी मिळते. आधी एक बाजू वरच्या प्लेनरवर सपाट करायची, मग ती बाजू गाईडला, म्हणजे टेबलवरच्या उभ्या पट्टीला, टेकवून एक कड काटकोनात आणायची, मग थिकनेसरमधून दुसरी बाजू, आणि शेवटी करवतीवर रुंदी. हा क्रम बदलला की कितीही महागाचं मशीन असो, काम वाकडंच.

आम्हाला सरळ करणं आणि जाडी करणं दोन्ही लागत होतं म्हणून एकात दोनवालं घेतलं. नागदेवीच्या हत्यारं-मशीनांच्या बाजारात आणि अजून दोन-तीन ठिकाणी फिरलो. दुकानदार वॅट सांगतात, रुंदी सांगतात, फ्री पाती सांगतात. मी सोबत एक लांब सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा) घेऊन गेलो होतो, पट्टी फळी आत घालायच्या आणि बाहेर निघायच्या अशा दोन्ही टेबलांवर मिळून टाकायची, खाली किती फट आहे बघायची. एका दुकानात मशीन खोक्यातून काढून पट्टी लावायलाच दिली नाही, त्यांना नमस्कार केला. स्वस्त मशीनमध्ये टेबल ॲल्युमिनियमचं आणि आखूड असतं, ते चालतं, पण दोन्ही टेबलं एका पातळीत नसतील आणि ती ॲडजस्टही होत नसतील तर अख्खा जन्म तुम्ही पाळण्यासारख्या वाकलेल्या कडा काढत बसणार. दुसरं म्हणजे स्पेअर विचारायचे, पाती, पट्टा, कार्बन ब्रश. या मशीनांत ब्रशवाली मोटर असते, भयंकर ओरडते आणि ब्रश झिजतात, ते मिळत नसतील तर मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका.

गाईडबद्दल न बोललेलंच बरं. बजेट मशीनचं गाईड पातळ पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं, जोराने टेकलं की झुकतं. आम्ही त्याला मागून जाड प्लायचा आधार दिला, आणि तरीही प्रत्येक बॅचच्या आधी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघतोच. वरून प्लेन करून झालं की खाली थिकनेसिंगसाठी गाईड काढा, टेबल उचला, भुशाचा झाकणवजा पाइप उलटा बसवा, या फिरवाफिरवीत वेळ जातो, म्हणून आम्ही दिवसभराच्या सगळ्या फळ्यांच्या एक-एक बाजू आधी उरकतो आणि मगच मशीन पलटतो.

वापरायचं म्हणाल तर थोडं थोडं काढायचं. मशीनवर दोन मिलिमीटर लिहिलंय म्हणून कोणी दोन काढत नाही. पाइनला एक, सागवान किंवा शिसम पूर्ण रुंदीचं असेल तर अर्धा. आमच्या मशीनचं चाक पाव फिरवलं की अर्धा मिलिमीटर, आणि आवाज जड झाला की पाव वळसा मागे. लाकडाचे रेषे उलटे लागले तर गाठीपाशी खपल्या उडतात, फळी फिरवून दुसऱ्या टोकाने घालायची. फळीच्या दोन्ही टोकांना दीड-दोन इंचात पातं जरा खोल जातं, बोट फिरवलं की बारीक खड्डा लागतो, हे छोट्या मशीनांत कमी-जास्त असतंच. त्यावर आमचा उपाय म्हणजे फळी आत जाताना शेपूट किंचित उचलून धरायचं, बाहेर येताना तोंड, आणि तरी प्रत्येक टोकाला दोन-अडीच इंच जास्त लांबी ठेवून नंतर कापून टाकायची. लाकडाचा भाव बघता जीवावर येतं खरं, पण ते तुकडे चौरंगाच्या पायांच्या पाचरींना जातात.

वायर जाड हवी, अडीच स्क्वेअर एमएमची, आणि सोळा अँपचा सॉकेट, बारीक एक्सटेन्शनवर मोटर तापते. ढलप्या ओढायला व्हॅक्यूम नसेल तर आतच अडकतात, रोलर त्या परत फळीवर दाबतात आणि गुळगुळीत झालेल्या पाइनवर टिंबंटिंबं उमटतात. साधा दुकानातला व्हॅक्यूम दोन मिनिटांत भरतो, आम्ही मध्ये झाकणाचा मोठा ड्रम लावला. पॅलेटच्या फळीत तुटका खिळा राहिला तर पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर तिची रेघ उठते, म्हणून खिळे शोधायचं छोटं हातातलं मशीन फिरवल्याशिवाय काही आत जात नाही. हातमोजे घालायचे नाहीत, पातं ओढून घेतं. कानाला मफ मात्र हवेतच. फुटाहून आखूड तुकडा मशीनवर नको, त्याला बाबांचा रंधा आहे.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जुलैत मुंबईच्या हवेत लाकूड पाणी पितं, ओलावा मोजायचा मीटर लावला की सतरा-अठरा टक्के दाखवतो, आणि तोच पाट एसीच्या खोलीत गेला की आकसतो. म्हणून लाकूड फेब्रुवारी-मार्चमध्ये घेऊन दोन मिलिमीटर जास्त ठेवून रंधून टाकतो, मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावतो, आणि महिन्याभराने शेवटचा हात मारतो. दोन्ही बाजूंनी सारखं काढायचं, एकाच बाजूने सोललं की फळी रात्रीत वाकते. मशीनच्या टेबलवर मेणबत्ती घासतो, फळी सरकते छान आणि दमट हवेत चिकटत नाही.

हे सगळं चालू असताना एक नवीनच गिऱ्हाईक तयार झालं. लॉकडाऊननंतर घरी लाकूडकाम करणारे बरेच झाले, मुलुंडच्या टॉवरमधले आयटीवाले, ठाण्यातले रिटायर्ड काका, एक दातांची डॉक्टर ताई. फ्लॅटमध्ये हे मशीन लावलं तर सोसायटीचं पत्र दुसऱ्याच दिवशी, मग ते फळ्या घेऊन आमच्याकडे यायला लागले. आधी आम्ही ओळखीत करून द्यायचो, मग मेहुण्याने फुटावर रेट लावला, आणि आता रंधून तयार फळी, वीस मिलिमीटर, काटकोनातली, हव्या तेवढ्याच लांबीची, हा आमच्या वर्षाच्या कमाईत गणपतीखालोखालचा भाग झालाय. बायकोचं म्हणणं आहे की पाटापेक्षा यात डोकेदुखी कमी. खरंय, पॉलिश नाही, पॅकिंग नाही, "कलर थोडा डार्क वाटतोय" नाही.

कुठलं मशीन घेऊ विचारायला लोक येतात तेव्हा मी सरळ सांगतो, घरात जागा कमी आणि हात रंध्यावर बसलेला असेल तर एकात दोनवाल्याच्या मागे लागू नका. नुसता थिकनेसर घ्या, आणि पहिली बाजू सरळ करायला प्लायच्या सरळ पाटीवर फळी ठेवून जिथे हलते तिथे पाचरी सरकवा, हॉट ग्लूने पक्क्या करा, पाटीसकट थिकनेसरमधून काढा. एक बाजू सपाट झाली की पाटी काढून उलटी घाला. वेळ लागतो पण रुंदी जास्त मिळते आणि फिनिश बरं येतं. महिन्याला चार फळ्या रंधणाऱ्याने तर काहीच घेऊ नये, आमच्याकडे यावं, यात आमचा स्वार्थ आहे हे उघड आहे.

आमचं ते मशीन अजून चालू आहे, पट्टा आणि ब्रश बदललेत, पाती धार लावून लावून अरुंद झाली तेव्हा नवीन जोडी घातली. शेजारचा गाळा रिकामा होतोय, तो मिळाला तर थ्री फेजचा अर्ज करून बिडाचं मोठं घ्यायचा विचार आहे, आणि छोटं रविवारच्या लोकांना शिकायला ठेवायचं. फळ्या आणणार असाल तर खिळे काढून आणा, रंग लावलेलं जुनं लाकूड आणू नका, आणि जूनपासून गणपती बसेपर्यंत फोन करून या, तेव्हा गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते.