सिंगापूरचा शेवटचा दिवस: बाबांचं मैदान, आईची संकष्टी आणि चांगीचा पाऊस

रात्री आठ पस्तीसचं विमान, म्हणजे शेवटचा दिवस गेलाच, असं सहल आखताना मी धरून चालले होते. दुपारी बाराला खोली सोडायची, कुठल्या तरी मॉलमध्ये पाय दुखेस्तोवर हिंडायचं आणि चार वाजता विमानतळावर जाऊन बसायचं. आधीचे पाच दिवस नऊ वर्षांच्या चिरंजीवांच्या मर्जीने गेले होते: सेंटोसा, युनिव्हर्सल, प्राणिसंग्रहालय. बाबा सगळीकडे मुकाट आले. एसटीच्या कोल्हापूर वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढलेला माणूस, रोलर कोस्टरखाली उभा राहून त्याचे नटबोल्ट बघत होता. पाचव्या रात्री जेवताना म्हणाले, "नेताजींनी चलो दिल्ली म्हटलं ते मैदान हितंच कुठं तरी हाय न्हवं?"

लाज वाटली मला. सिंगापूरची दोन महिने तयारी केली, एक्सेलमध्ये तक्ता केला, आणि हे डोक्यातच आलं नाही. त्या रात्री बसून जुळवाजुळव केली आणि शेवटचा दिवस बाबांच्या नावावर लिहून टाकला.

आमचं हॉटेल होतं फेरर पार्क स्टेशनपाशी, लिटल इंडियाच्या टोकाला. मुस्तफा हे मोठं दुकान जवळ पडतं आणि आईला इडली मिळते, एवढाच विचार करून घेतलेलं. वाचायला लागल्यावर कळलं की सिंगापूर पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारी १९४२ ला, ब्रिटिशांच्या फौजेतल्या चाळीस हजारांहून जास्त हिंदी सैनिकांना जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं ते याच फेरर पार्कच्या मैदानावर. आझाद हिंद सेनेची गोष्ट सुरू होते ती इथून. आणि आम्ही पाच दिवस तिथून "उशीर झाला, चला लवकर" म्हणत पळत होतो.

सकाळी निघायच्या आधी बॅगा भरून, खोली सोडून, बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवल्या. यात एक गोष्ट अगदी आवर्जून करा: प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड आणि टॉवेल एका छोट्या पिशवीत वर काढून ठेवा. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे. सकाळी दहालासुद्धा अंगाला सदरा चिकटतो. तशाच अवस्थेत रात्रीच्या विमानात साडेपाच तास बसायचं म्हणजे शेजाऱ्याचाही विचार करायला हवा. बऱ्याच हॉटेलांत खोली सोडल्यावरही अंघोळीची सोय असते, फक्त विचारावं लागतं. आमच्याकडे होती.

त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. आईने राजगिऱ्याची वडी पुण्याहूनच आणली होती, तेव्हा खाण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता. "चंद्रोदय कुठला धरायचा गं? इथला की मुंबईचा?" विमान आठ पस्तीसला सुटणार, मुंबईला पावणेबाराच्या सुमारास उतरणार, मध्ये घड्याळ अडीच तास मागे जाणार. नवरा म्हणाला, "आई, विमानातून दिसला तर तो धरा." आईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर तो विषय त्याने दिवसभर काढला नाही.

उपास नसलेल्यांनी सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये नाश्ता केला. १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे. डोसा चांगला, कॉफी त्याहून चांगली. आईसाठी टेक्का सेंटरच्या मंडईतून केळी आणि पपई घेतली. मंडईत मासळीचा भाग ओला असतो, चप्पल जपून.

मग मेट्रो. फेरर पार्कपासून दुसरंच स्टेशन धोबी घाट. होय, हेच नाव आहे. पूर्वी तिथल्या ओढ्यावर हिंदी धोबी कपडे धूत, त्यावरून पडलेलं. स्टेशनाची घोषणा ऐकून बाबा पहिल्यांदा मनापासून हसले. धोबी घाटाहून पाच मिनिटं चाललं की कॅथे, एक जुनं सिनेमागृह. १९३९ ची इमारत, तिचा दर्शनी भाग तेवढा जुना राखलाय. २१ ऑक्टोबर १९४३ ला या कॅथेच्या सभागृहात नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. आत काही बघायचं म्हणून जाऊ नका, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून बघायचं. आम्ही दहा मिनिटं उभे होतो. येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते, कारण बाकी कुणीच त्या इमारतीकडे बघत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ ऑक्टोबरला, झाशीची राणी रेजिमेंटची छावणी सिंगापुरातच सुरू झाली. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मुली त्यात मोठ्या संख्येने होत्या, आणि नाव आपल्या राणीचं. आई म्हणाली, "मोरोपंत तांब्यांची मनू बघ कुठवर पोचली."

धोबी घाटाहून लाल लाइनने एकच स्टेशन, सिटी हॉल. बाहेर आलं की चालत पाच-सात मिनिटांत पाडांग. पाडांग म्हणजे मलायमध्ये मैदानच. समोर जुना सिटी हॉल आणि जुनं सर्वोच्च न्यायालय, दोन्ही मिळून आता नॅशनल गॅलरी झालीय. ५ जुलै १९४३ ला याच मैदानावर सैन्याची मानवंदना घेऊन नेताजींनी "चलो दिल्ली"ची हाक दिली. आणि याच सिटी हॉलमध्ये १२ सप्टेंबर १९४५ ला आग्नेय आशियातल्या जपानी फौजांच्या वतीने शरणागतीवर सही झाली. दोन वर्षं आणि दोन महिने, एवढंच अंतर.

आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा मैदानाच्या समुद्राकडच्या अंगाला, एस्प्लनेड पार्कमध्ये आहे. ती सापडायला आम्हाला वीस मिनिटं लागली, कारण मी मोठ्या स्मारकाच्या शोधात होते. आधी एक कारंजं लागतं, मग सेनोटाफ, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं उंच स्मारक लागतं. तेच आपलं समजून फोटो काढून परत जाऊ नका. आपली खूण जवळच आहे, पण ठेंगणी आहे. मूळ स्मारकाची पायाभरणी नेताजींच्या हस्ते ८ जुलै १९४५ ला झाली. त्यावर "इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी", म्हणजे एकी, विश्वास, बलिदान, असे तीन शब्द होते. सप्टेंबरात ब्रिटिश परतले आणि त्यांनी पहिल्या कामांत हे स्मारक उडवून दिलं. जेमतेम दोन महिने उभं होतं ते. त्या जागी १९९५ मध्ये सिंगापूरच्या वारसा मंडळाने खुणेचा फलक बसवला.

बाबांनी चपला काढल्या. मला वाटलं पाय भाजतील, पण म्हटलं नाही काही. फलकावर वाळकी पानं पडली होती, ती त्यांनी हाताने झाडली, मग खिशातून रुमाल काढून पुसलं. वर्कशॉपमध्ये इंजिनाचं झाकण पुसावं तसं, कडेकडेने, मग मधून. "दोन महिन्यांसाठी सुरुंग लावला," म्हणाले, "म्हंजे किती भ्याले असतील बघ." चिरंजीवांनी विचारलं, "आजोबा, हे हरले का?" बाबांनी उत्तर दिलं नाही, चपला घातल्या.

तिथे सावली आहे, बाकं आहेत, पण पाण्याची बाटली बरोबर हवीच. ज्येष्ठ मंडळी असतील तर नंतर अर्धा तास नॅशनल गॅलरीत गारव्याला जाऊन बसा. स्वच्छतागृहं उत्तम आहेत आणि सहलीच्या शेवटच्या दिवशी ही माहिती इतिहासाइतकीच मोलाची असते.

मेट्रोबद्दल चार गोष्टी. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. आपलं टॅप होणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, परदेशी कार्डावर थोडं जादा शुल्क लागतं इतकंच. मात्र माणशी एक कार्ड हवं, एकाच कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. गाडीत खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा. आईने पर्समधून केळं काढलं आणि समोरच्या आजीबाईंनी हसून, नुसत्या बोटाने दाराजवळची पाटी दाखवली. पाचशे सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आईने केळं इतक्या चपळाईने परत ठेवलं की विचारू नका.

साडेबाराला हॉटेलवर परत, अंघोळी, कपडे, बॅगा. आता विमानतळाचा रस्ता. बहुतेक जण हिरव्या लाइनने ताना मेराहला उतरून गाडी बदला असं सांगतात. तुम्ही सिटी हॉलच्या बाजूला राहत असाल तर ते बरोबरच. पण लिटल इंडियाच्या परिसरात असाल तर लिटल इंडिया स्टेशनवरून निळी डाउनटाउन लाइन धरा, एक्स्पोला उतरा, तिथून विमानतळ एकच स्टेशन. वेळ साधारण तासभर, भाडं माणशी दोन डॉलरच्या आसपास. टॅक्सीला त्याच्या दहा-बारापट. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, त्यामुळे बॅगांचा त्रास होत नाही. माणशी दोन मोठ्या बॅगा असतील तर मात्र टॅक्सीच करा, उगाच हिशेब करत बसू नका.

अडीचला चांगीवर. शेवटच्या दिवशी विमानतळावर इतक्या लवकर कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर म्हणजे ज्युएल. टर्मिनल एकला लागूनच काचेचा घुमट, २०१९ मध्ये उघडलेला, मोशे सफदी यांची रचना. आत चाळीस मीटरचा धबधबा थेट छताच्या मधल्या भोकातून पडतो, इमारतीच्या आतला जगातला सर्वांत उंच. भोवती चार मजले जंगल. प्रवेश फुकट. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बागेला आणि जाळ्यांवरच्या उड्यांना तिकीट आहे. मूल लहान असेल तर घ्या, नाहीतर त्याची गरज नाही. धबधबा खालून आणि मधल्या मजल्यांवरूनच चांगला दिसतो. रोषणाई अंधार पडल्यावर असते, म्हणजे ज्यांचं विमान दहानंतरचं आहे त्यांना साधते. आम्हाला नाही साधली.

बाबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "आंबोलीला एवढं पाणी तर गाडीच्या काचेवर पडतंय." पण मग धबधब्याच्या शेजारून विनाचालक स्कायट्रेन गेली आणि ते कठड्यापाशी जे उभे राहिले ते पाच गाड्या जाईपर्यंत हलले नाहीत. त्यांना मी तिथेच सांगितलं की ही जागासुद्धा त्याच युद्धातली आहे. कॅथेत ती घोषणा झाली, त्या काळात बेटाच्या या पूर्व टोकाला जपान्यांनी दोस्तांच्या युद्धकैद्यांना राबवून धावपट्टी बांधून घेतली. पुढे तिथे ब्रिटिश हवाई दलाचा तळ झाला आणि १९८१ मध्ये हा विमानतळ. "कैद्यांनी?" म्हणाले, आणि पुन्हा गाडीकडे बघत राहिले.

बॅगांचं इथे दोन तऱ्हेने जमतं. ज्युएलमध्येच काही विमान कंपन्यांचं लवकर चेक-इन असतं, आपली कंपनी त्यात आहे का ते आधी पाहून ठेवा. नसेल तर पैसे भरून सामान ठेवायची खोली आहे. आम्ही लवकर चेक-इन करून हात मोकळे केले आणि तिथेच फसलो. बॅगा गेल्यानंतर मी ज्युएलमधून काया जॅमच्या तीन बाटल्या घेतल्या, नारळाचं दूध आणि अंड्याचा तो गोड लेप, सासूबाईंसाठी आणि शेजारणीसाठी. इमिग्रेशन पार झालं, कुणी काही बोललं नाही. म्हटलं, झालं. तर नाही. आमच्या टर्मिनलला सुरक्षा तपासणी गेटच्या तोंडाशी होती. जॅम म्हणजे त्यांच्या लेखी द्रवच, शंभर मिलीच्या वर. तिन्ही बाटल्या डोळ्यांदेखत टोपलीत. तपासणीवाली मुलगी बिचारी "सॉरी आंटी" म्हणाली, ते "आंटी" जास्त लागलं. तेव्हा लोणचं, जॅम, सॉस, अत्तर, सगळं बॅग देण्याआधी. पाण्याची बाटली गेटपाशी रिकामी करा, आत भरायला नळ असतो.

तसंच जीएसटी परताव्याचं. एका दुकानात शंभर डॉलरच्या वर खरेदी असेल तर नऊ टक्क्यांतला बराचसा परत मिळतो. पण वस्तू चेक-इनच्या बॅगेत जाणार असेल तर यंत्रावरची नोंद बॅग देण्याआधीच करायची, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. आणि मुस्तफात सोनं बघून हात शिवशिवत असतील तर लक्षात ठेवा, आपल्याकडची दागिन्यांची कस्टम सूट वर्षाहून जास्त परदेशी राहिलेल्यांना आहे. आठवड्याच्या सहलीवाल्यांना नाही.

टर्मिनल एकच्या चेक-इन हॉलमध्ये मान वर करून बघायला विसरू नका. तांबूस धातूचे १,२१६ थेंब तारांना टांगलेत आणि ते सावकाश वरखाली होत आकार बदलतात. २०१२ पासून आहेत. पायात त्राण नसलेल्या मंडळींना तिथे बाकावर बसवून तुम्ही परताव्याच्या रांगेत जा. आई-बाबा अर्धा तास बसले होते. बाबांनी प्रत्येक तारेला वेगळी मोटर आहे, हे शोधून काढलं. आईचा डोळा लागला होता.

विमानात जेवण आलं, आईने फक्त फळं ठेवून घेतली. मुंबईला उतरून, बॅगा घेऊन, पुण्याच्या गाडीपाशी पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. चंद्र पार्किंगच्या छपरावर चांगला वर आला होता. आईने हात जोडले, पर्समधून सकाळचं ते केळं काढलं आणि बाबांना अर्धं दिलं.