अनोळखी घोड्यावरची मांड

आज सरावाला सरांनी सगळ्यांचे घोडे बदलले. मला मिळाली एक उंच, तापट घोडी. माझा नेहमीचा घोडा संथ, त्याला सतत टाच लागते. हिला पोटरी नुसती टेकली तरी ती सुसाट. दोन अडथळ्यांमधलं 18 मीटरचं अंतर साधारण चार ढांगांचं असतं, पण हिला ते तीनमध्येच कापायचं होतं! खोगिरात खोल बसून, लगाम न ओढता नुसता धरून ठेवला, तेव्हा कुठे चौथी ढांग बसली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

2014 पर्यंत शो जम्पिंगच्या, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या, जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिले चार स्वार एकमेकांचे घोडे घेऊनही अडथळे पार करायचे. त्या वर्षी फ्रान्समध्ये नेदरलँड्सचा येरून डुब्बेलडाम असाच जिंकला. स्वाराची खरी पातळी दाखवणारी याहून चोख परीक्षा मला माहीत नाही.

पण ती तयार स्वारांसाठीच. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेत चिठ्ठीने घोडा मिळायचा आणि ओळखीला फक्त 20 मिनिटं. टोकियो ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असलेल्या जर्मनीच्या अनिका श्लॉयला सेंट बॉय नावाचा घोडा मिळाला. आधीच्या फेरीत दुसऱ्या स्वाराखाली तो अडला होता, बिथरलेला होता. श्लॉय रडत राहिली, पदक गेलं. ते दृश्य मला अजून बघवत नाही, आणि जास्त वाईट वाटतं ते घोड्याचं. पॅरिस 2024 नंतर त्या खेळातून घोडेस्वारी काढली, ते योग्यच झालं.

पुढच्या रविवारी हीच घोडी मागणार आहे.