भिंतीला पोट सुटलंय, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

गेली 26 वर्षं मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतेय आणि यंदाच्या पावसाळ्यानंतर मला कळलं की स्वतःच्या घराची भिंत मला इंग्रजीत सांगता येत नाही. म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस सांगा, निबंध सांगा, हेडमास्तरांच्या सहीने वर पाठवायचं खरमरीत पत्र सांगा, झोपेत लिहून देईन. पण मागच्या खोलीच्या भिंतीला पोट सुटलंय, चुन्याचे पोपडे पडतायत आणि खालून हातभर ओल चढलीय, एवढं साधं लिहायला बसले तर अर्धा तास नुसती फोनकडे बघत राहिले.

लिहायचं होतं पुतणीला. आमचं घर गोव्यात फोंड्याजवळ, पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, समोर सोपो म्हणजे ओसरी. अर्धा वाटा आमचा, अर्धा चुलतभावाचा. तो गेला, आता त्याची मुलगी टोरांटोला. पोर गुणाची आहे, खर्चातला अर्धा वाटा कधी चुकवत नाही, पण पैसे कशाचे ते विचारते आणि ते बरोबरच आहे. तिला कोकणी कळते ती ‘जेवलें गो?’ ‘कशें आसा?’ एवढ्यापुरती, वाचता तर काहीच येत नाही. तेव्हा इंग्रजी. (आणि हो, घरात कोकणी आणि लिखाण मराठीत असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, त्यावर भांडायचं असेल त्यांनी थोडं थांबा, वेगळी पोस्ट टाकते.)

तर पहिला मेसेज मी टाकला, ‘द वॉल इज लीकिंग’. पाच मिनिटांत उत्तर, आत्या, लगेच प्लंबर बोलव, पाईप फुटला असणार! आता त्या भिंतीत पाईप नाहीच. पणजोबांच्या काळात नळ कुठला, विहीर होती. चूक तिची नाही, माझी. लीक म्हणजे कुठूनतरी भोकातून पाणी बाहेर येणं, गळणं. आमची भिंत गळत नव्हती, पाझरत होती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मराठीत आपण पाण्याच्या बाबतीत केवढे श्रीमंत आहोत बघा, गळणं वेगळं, ठिबकणं वेगळं, झिरपणं वेगळं, पाझरणं, ओघळणं, निथळणं, प्रत्येकाचा वेग वेगळा आणि जागा वेगळी, आणि वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात हे शब्द नसते तरच नवल होतं. इंग्रजीतही आहेत की, ड्रिप, सीप, ऊझ, ट्रिकल. पण मी 26 वर्षांत वर्गात एकदा तरी ‘सीप’ शब्द वापरलाय का? नाही. धड्यात ‘पर्सिव्हिअरन्स’ येतो, ‘सीप’ येत नाही.

मग गवंड्याला विचारून विचारून तिला नीट सांगितलं. आमचा चिरा म्हणजे रत्नागिरीकडचा जांभा, इंग्रजीत लॅटेराइट. हे नाव ठेवलं फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने, केरळात अंगाडिपुरमला त्याने लोकांना हा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढताना बघितलं आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात हे नाव दिलं, कारण लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट. जमिनीत असतो तोवर मऊ, हत्याराने कापता येतो, बाहेर काढून वारा लागला की कडक. पण अंगभर भोकं. जमिनीतलं पाणी त्या भोकांतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. याला म्हणतात रायझिंग डॅम्प. आणि ते अडवायला जोत्यावर जो थर घालतात त्याला डॅम्प प्रूफ कोर्स, आपल्याकडे सगळे डीपीसी म्हणतात. आता ‘कोर्स’ म्हणजे भिंतीतला दगडाचा एक थर हे मला माहीतच नव्हतं, मी आपली बीएडचा कोर्स, कंप्युटरचा कोर्स. आमच्या घराला अर्थात डीपीसी-बिपीसी काही नाही, त्या काळी चिरे मातीत बसवलेले, माती भिजून भिजून सुटली आणि भिंत मध्ये फुगून बाहेर आली. पोट सुटलं.

काम सुरू झाल्यावर तर माझी रोज परीक्षा. गवंडी हुबळीकडचा, पंधरा-वीस वर्षं गोव्यात, कन्नड कोकणी हिंदी सगळं मिसळून बोलतो आणि मध्ये मध्ये इंग्रजी, पण त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कामाचं. प्लिंथ, लिंटल, कॉलम, बीम, फुटिंग, सगळं तोंडपाठ आणि प्रत्येक शब्दावर हात ठेवून दाखवता येतो. मी लिंटल हा शब्द वाचला होता, कुठे असतो ते विचारलं असतं तर गप्प बसले असते. दारा-खिडकीच्या डोक्यावरचा आडवा तुकडा, वरच्या भिंतीचं ओझं घेणारा.

फक्त एक गंमत. मागे नवीन बाथरूमचा स्लॅब टाकला, तर तो म्हणाला परवा शेंट्रिंग काढतो. मी तसंच इंग्रजीत कळवलं, सेंटरिंग काढतायत. पुतणी म्हणते, आत्या, व्हॉट आर दे सेंटरिंग? शोधलं तर कळलं की सेंटरिंग म्हणजे मुळात दगडी कमान बांधताना खाली उभारायचा लाकडी सांगाडा, कमानीचं वजन कमानीवर येईपर्यंत आधार देणारा. आपल्याकडे कमानी गेल्या, स्लॅब आले, शब्द तसाच राहिला आणि कुठल्याही फळ्यांच्या साच्याला चिकटला. तिकडे त्याला फॉर्मवर्क म्हणतात. स्लॅबचंही तेच, तिच्या डोक्यात स्लॅब म्हणजे चॉकलेटची जाड वडी, आपल्या डोक्यात स्लॅब म्हणजे डोक्यावरचं छप्पर. माडीचा खर्च ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणून लिहिला त्याचा घोळ तर सांगतच नाही, तिकडे फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला.

क्युरिंगवर मात्र मी खूश झाले. स्लॅबवर रोज पाणी मारायचं, साध्या सिमेंटला निदान 7 दिवस, राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर 10. पुतणीने विचारलं, वाळू द्यायचा सोडून भिजवताय का? तर सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, लवकर वाळलं तर कच्चं राहतं. आणि हा शब्द तोच, डॉक्टरचा क्युअर. लॅटिनमध्ये क्युरा म्हणजे काळजी. आजारी माणूस क्युअर होतो, मडगावच्या बाजारात माळेने टांगलेली चोरिसं (गोव्याची सॉसेजं) क्युअर केलेली, म्हणजे मीठ-मसाला लावून टिकवलेली असतात आणि आमचा बाथरूमचा स्लॅबसुद्धा. तिन्हींची सारखी काळजी घेत बसावं लागतं हे पटतं मला. प्लास्टरचं पण असंच, हाताला आणि भिंतीला एकच.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी नववीच्या वर्गात एक प्रयोग केला. शाळेच्या कुंपणाचं काम चालू होतं, मुलांना खिडकीशी उभं केलं आणि म्हटलं ते लोक काय करतायत ते इंग्रजीत लिहा. अठ्ठावीस पोरं, त्यातल्या वीस-बावीस जणांनी लिहिलं, ही इज डूइंग सिमेंट. ही इज डूइंग वॉटर. एकाने लिहिलं, ही इज बीटिंग पेंट. हसले मी, पण मग जाणवलं की ते मराठीतच विचार करतायत आणि मराठीत आपण सगळं ‘मारतो’. रंग मारतो, पाणी मारतो, खिळा मारतो, झाडू मारतो, पॉलिश मारतो, गप्पा मारतो, दांडी मारतो. एक मारणं घेतलं की पुढे नाम बदलायचं, काम झालं. इंग्रजीत प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद हवं. मग फळ्यावर आम्ही नुसती हाताची कामं लिहिली, पुसणं वाइप, घासणं स्क्रब, चोळणं रब, खरवडणं स्क्रेप, उचकटणं प्राय, आणि प्रत्येक शब्दाला पोरांनी हवेत हात हलवून दाखवायचा. स्क्रेपला एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे नारळ खवताना करतात ते. तिला तो शब्द आता मरेपर्यंत आठवेल. मला नाही वाटत मी वर्षभरात दुसरं काही एवढं बरं शिकवलं.

घरी तोवर सुतार आला होता, आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. मेस्त आणि तुमचा तो मिस्त्री दोघेही पोर्तुगीज मेस्त्रेपासून आले. तसं बघायला गेलं तर घमेलं पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, बिजागरी पोर्तुगीज, आणि संध्याकाळी हातावर ठेवायचा पगारही. इथे गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात तेही पोर्तुगीज जनेला, मुळात लॅटिन ‘छोटं दार’. आमच्या माडीवर अजून एक जुनं जनेल आहे, काचेच्या जागी शिंपले बसवलेलं. पातळ चपटे शिंपले, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकावर एक सरकवलेले, बोटाने टकटक केलं तर नखावर नख आपटल्यासारखा आवाज येतो. बाहेरचं काही दिसत नाही पण दुपारचं कडक ऊन त्यातून ताकाच्या निवळीसारखं होऊन आत येतं. या शिंपल्याला इंग्रजीत नावच विंडोपेन ऑयस्टर. मेस्ताने त्यातले तीन तुटके बदलले, जुन्या घरातून काढलेले त्याच्याकडे होते म्हणून जमलं.

आणि विंडो शब्द फोडून बघितला तर जुन्या नॉर्स भाषेतला विंडाउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे गवाक्ष, गायी-बैलाचा डोळा! कुठे ते बर्फातले नॉर्स लोक आणि कुठे आपण, पण भिंतीला भोक पाडल्यावर दोघांनाही डोळाच दिसला. मी पुतणीला हे रात्री अकरा वाजता लिहून पाठवलं, तिने नुसता अंगठा पाठवला. ऑफिसात असेल.

छपराला मंगळुरी कौलं. टाटाचा पत्रा नाही, तीच कौलं, 1860 च्या दशकात मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी यंत्रावर काढायला सुरुवात केली तसली, त्याआधी नळीची कौलं. कौलाखाली रीप, रिपेखाली वासा, सगळ्यात वर आढं. बॅटन, राफ्टर, रिज. वासे दोन कुजले होते, एक पिळला होता आणि वळचणीचं पाणी शेजाऱ्यांच्या जागेत पडतं अशी त्यांची जुनी तक्रार, ती याही वर्षी झाली. पागोळ्यांवरून आमच्याकडे तीन पिढ्या बोलणी चालू आहेत. वळचण म्हणजे ईव्ह्ज. आणि चोरून ऐकणं याला इंग्रजीत ईव्ह्जड्रॉपिंग का म्हणतात? तर वळचणीच्या पागोळ्या जिथे पडतात, भिंतीला लागून, तिथे उभा राहून जो आतलं ऐकतो तो ईव्ह्जड्रॉपर. हा शब्द मी दहा वेळा तरी शिकवलाय, ‘टू लिसन सीक्रेटली’ म्हणून. त्यात पागोळ्या आहेत हे मला आत्ता, पागोळ्यांवरून भांडण चालू असताना कळलं. बाकी वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही, तशी आमची ही तक्रार मिटायची नाही.

भिंत शेवटी तेवढा भाग उतरवून परत बांधली. वरच्या वाशांना टेकू दिले, चिरे एकेक काढून अंगणात नंबर टाकून ठेवले, परत रचले. रचताना गवंडी दर दोन थरांनी ओळंबा सोडायचा. साधी दोरी, खाली पितळी लंबक, वर लाकडाची गट्टी. गट्टी भिंतीला टेकवायची, लंबक झुलून झुलून थांबतो, मग तो एक डोळा मिटून बघतो. एक चिरा कागदाच्या जाडीएवढा बाहेर होता तर मुठीने दोनदा हलकेच ठोकला आणि परत बघितलं. मी तिथेच चहाचा कप घेऊन उभी. ओळंबा म्हणजे अवलंब, लोंबणं. ‘पावसावर अवलंबून आहे’ म्हणतो त्यातलाच. आणि इंग्रजी डिपेंड, तेही लॅटिनमध्ये ‘लोंबणं’च! इट डिपेंड्स, इट डिपेंड्स करत आपण आयुष्यभर दोरीला लोंबतोय. ओळंब्याला इंग्रजीत प्लंब, ओळंब्यात सरळ उभ्या भिंतीलाही प्लंबच, लॅटिन प्लंबम म्हणजे शिसं, कारण लंबक शिशाचा असायचा. पाईपही पूर्वी शिशाचे म्हणून ते जोडणारा प्लंबर. म्हणजे पुतणीने पहिल्या दिवशी प्लंबर बोलव सांगितलं ते अगदीच चुकीचं नव्हतं, शब्द बरोबर होता, माणूस वेगळा हवा होता. यातला शेवटचा ‘ब’ मात्र इंग्रजीत म्हणत नाहीत, प्लमर, प्लम. आपण सगळे प्लंबरच म्हणतो, मी वर्गात दरवर्षी सुधारते, पोरं घरी जाऊन परत प्लंबर.

भिंतीला चुना लावून झाला त्या संध्याकाळी मला एवढा आनंद झाला की टाईप करायचा कंटाळा सोडून सरळ आवाजी मेसेज पाठवला. ‘ब’ न म्हणता, अगदी शुद्ध. द वॉल इज परफेक्टली प्लम नाऊ.

सकाळी तिचं उत्तर आलेलं. ‘प्लम? जांभळा रंग दिला, आत्या? मला ते घर पांढरंच आवडायचं गं.’

मी फोटो पाठवला. चुना अजून ओलाच होता.