सहा वर्षं मी डॉक्टरांना ‘पाय दुखतात’ असं सांगत होते

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, घरात सगळे आमवातच म्हणतात, आणि निदान होऊन आता नऊ वर्षं झाली. त्याबद्दल फार लिहीत नाही कारण त्याचे उपचार मला वेळेत मिळाले, मेथोट्रेक्सेट हे औषध लागू पडलं, बोटं अजून सरळ आहेत, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. मला लिहायचंय ते झोपेबद्दल. कारण या नऊ वर्षांत सांध्यांनी जेवढं छळलं नाही तेवढं रात्रींनी छळलं, आणि ते नक्की काय आहे हे कळायला सहा वर्षं गेली.

रात्री साधारण दहाला सुरू व्हायचं. आडवं पडलं की पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाला लागून काहीतरी वळवळायला लागायचं. ते दुखणं नव्हतं, मुंग्या नव्हत्या, गोळाही नव्हता, पण पाय हलवल्याशिवाय चैनच पडायचं नाही. हलवला की दोन-चार सेकंद बरं आणि लगेच पुन्हा तेच. मग उठायचं आणि अंधारात भिंतीला हात लावून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायच्या, चालत असले की अगदी शांत, तळव्यांना फरशीचा गारवा लागला की अजून बरं, पण अंथरुणाला पाठ टेकली की दोन मिनिटांत परत. दोन-अडीचला कधीतरी डोळा लागायचा. झोपेतही मी लाथा मारायचे म्हणे, मला काही कळायचं नाही, पण नवऱ्याला सकाळी लवकर निघायचं असायचं म्हणून तो हळूहळू दुसऱ्या खोलीत झोपायला लागला, आणि त्यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

आणि डॉक्टरांकडे गेले की मी काय सांगायचे? पाय दुखतात, झोप नीट होत नाही, दिवसभर थकवा असतो. एवढंच. दर वेळी हीच तीन वाक्यं. आता आमवात असलेली बाई पाय दुखतात म्हणतेय म्हटल्यावर समोरचा माणूस आमवातच धरणार ना. थकवासुद्धा आमवातात असतोच, अगदी खरा असतो, त्यामुळे कोणालाच त्यात वेगळं काही दिसलं नाही.

मग काय झालं ते क्रमाने सांगते, कारण हा क्रम मला स्वतःलाच फार उशिरा दिसला. एका डॉक्टरांनी दुखण्याची गोळी वाढवली. तिने पोटात जळजळ व्हायला लागली म्हणून दुसऱ्यांनी ॲसिड कमी करणारी गोळी दिली, ती खरं तर थोड्या दिवसांसाठी होती पण बंद करा असं कोणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही, चार वर्षं घेत राहिले. झोपेची तक्रार केली तेव्हा तिसऱ्यांनी रात्रीची अमिट्रिप्टिलिन सुरू केली, झोपही लागेल आणि दुखण्यालाही आराम पडेल म्हणून. यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता, प्रत्येकाने आपापल्या समोरची तक्रार बघितली. पण त्या गोळीनंतर पाय दुप्पट वळवळायला लागले आणि मला वाटलं आजारच वाढतोय. सर्दी झाली की गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी घ्यायचे, त्या रात्री तर पहाटेपर्यंत चालत असायचे. हे एकमेकांशी जोडलेलं आहे असं कधी मनातही आलं नाही.

दिवसा काय हाल होते ते वेगळंच. मीटिंगमध्ये पेंग यायची, वाचताना डोळ्यांवर झापड, कोणी बोलत असलं की मधले दोन शब्द गायबच. लोक आळशी म्हणतात असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर काही जण म्हणायचेही. पण घाबरले ते एका दुपारी. सिग्नलला गाडी थांबवली होती, मागच्याने जोरात हॉर्न दिला तेव्हा जाग आली, सिग्नल कधीचा हिरवा झाला होता. मुलगी बाजूच्या सीटवर होती. त्या दिवसानंतर मी गाडी चालवणं बंद केलं आणि झोपेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

त्यांनी फाईल उघडलीच नाही आधी. मी माझी तीन वाक्यं म्हटली. त्यांनी विचारलं, ‘थकवा येतो की झोप येते?’ मी गप्प. मग म्हणाले, ‘समजा आत्ता इथे खाट आहे, अर्धा तास तुम्हाला कोणी हाक मारणार नाही, तर झोप लागेल की नुसत्या पडून राहाल?’ मी म्हटलं दोन मिनिटांत लागेल. ‘मग ही झोप आहे, हिला थकवा म्हणू नका.’ किती साधं आहे हे, पण मला सहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्यांनी एक फॉर्म दिला, एपवर्थ स्केल म्हणतात, मरे जॉन्स नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 1991 साली तयार केलेला. आठ प्रसंग दिलेले असतात, बसून वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं पडल्यावर, आणि प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती याला 0 ते 3 मार्क. आठवा प्रसंग ट्रॅफिकमध्ये थांबलेल्या गाडीचा होता. तो वाचून माझे हात थरथरले. एकूण 24 पैकी 10 च्या वर गेलं तर झोप गरजेपेक्षा जास्त येतेय असं धरतात, माझे 16 आले.

मग पायांकडे वळले. ‘दुखतात म्हणजे नक्की काय होतं? डॉक्टरांचे शब्द नकोत, घरी आईला कसं सांगाल तसं सांगा.’ मी म्हटलं, आत वळवळतं हो, पाय कापून ठेवावासा वाटतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. हलवल्यावर बरं वाटतं का? हो. बसल्या-पडल्यावर वाढतं? हो. संध्याकाळनंतर जास्त? हो, सकाळी तर नसतंच. इथे ते थांबले आणि म्हणाले बघा, तुमचा आमवात सकाळी जास्त असतो, सांधे आखडतात, बरोबर? आणि हे रात्रीचं आहे, आणि चाललं की जातं. एकाच पायात दोन वेगळे आजार आहेत तुम्हाला. दुसऱ्याचं नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. एकबोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी 1945 मध्येच त्याचं नीट वर्णन करून ठेवलंय, आणि तो मुख्यतः पेशंटचं ऐकूनच ओळखायचा असतो. मी तिथेच रडले. आजार आहे म्हणून नाही, त्याला नाव आहे म्हणून.

दिवसाची झोप एवढी जास्त असल्यामुळे झोपेत श्वास अडकतोय का ते बघायला रात्रभराची स्लीप स्टडी करायला सांगितली. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण मला जाम भीती वाटत होती. रात्री नऊला गेले. टेक्निशियन मुलगी होती, तिने डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला आणि दोन्ही नडग्यांना वायरी चिकटवल्या, केसात ती पांढरी पेस्ट, नाकाखाली नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. माझी तर्जनी सुजलेली होती, चिमटा लागल्यावर कळ गेली. मी काहीच बोलणार नव्हते, सहन करायची सवय झालेली असते ना, पण तिनेच माझं तोंड बघून विचारलं आणि करंगळीला लावला. रात्री पाय वळवळले तर चालायचं कसं हीच मुख्य भीती होती, तर सगळ्या वायरी एका छोट्या डब्यात जातात, तो मशीनपासून सुटा होतो, ती आत आली, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली चाला ताई. डबा छातीशी धरून मी त्या खोलीत रात्री एक वाजता चालले. सकाळी बोटं इतकी आखडली होती की वायरी मला सोडवता येईनात, तिनेच एकेक सोडवली, केसातली पेस्ट कोमट पाण्याने पुसून दिली. तिचं नाव मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

रिपोर्टमध्ये श्वास तासाला 8 वेळा अडकत होता, 5 ते 15 म्हणजे सौम्य, तोही बहुतेक उताणं झोपल्यावर, त्यामुळे सध्या झोपेत श्वासाला मदत करणारं मशीन नको, कुशीवर झोपा असं ठरलं. पण पाय तासाला 38 वेळा झटका देत होते, मोठ्या माणसांत 15 च्या वर गेलं की जास्त धरतात, आणि त्यातल्या कितीतरी झटक्यांनी मेंदू क्षणभर जागा होत होता. म्हणजे मी झोपले असं मला वाटायचं तेव्हाही मी धड झोपलेली नव्हते.

आता लोहाचा भाग, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या आजारात मेंदूला लोह कमी पडतं हे एक मोठं कारण मानतात, म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी, बघतात. माझं फेरिटिन 88 होतं, लॅबच्या कागदावर नॉर्मल, आधी दोन डॉक्टरांनी नॉर्मल म्हणून बाजूला ठेवलेलं. झोपेच्या डॉक्टरांनी शेजारचा सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, बघितला, तो वाढलेला होता. अंगात सूज असली की फेरिटिन खोटंच वर दिसतं, आणि आमवात म्हणजे सूजच. म्हणून त्यांनी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ती तपासणी, करायला लावली, ते 13 टक्के आलं, 20 च्या खाली म्हणजे लोह कमीच. का कमी, तर दुखण्याच्या गोळ्यांनी पोटातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, पाळीत जातं, आणि ॲसिडच्या गोळीमुळे खाल्लेलं लोह नीट शोषलं जात नाही. त्याच्यावर अमिट्रिप्टिलिन, जी कितीतरी जणांचे पाय आणखी बिघडवते, आणि गुंगीच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचंही तेच. वरचा क्रम आता परत वाचा. प्रत्येक गोळीला कारण होतं आणि सगळ्या मिळून मला रात्रभर चालवत होत्या.

सोपं झालं नाही लगेच. मी उत्साहात आमवाताच्या डॉक्टरांना सांगितलं की या गोळ्या बंद करायच्यात, तर त्यांना ते आवडलं नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं, दुखण्याची गोळी एकदम काढली आणि सांधे पेटले तर निस्तरणार ते. मी दोघांमध्ये निरोप्यासारखी फिरत होते आणि अर्धा निरोप वाटेतच हरवत होता. शेवटी मी झोपेच्या डॉक्टरांकडून पत्र मागून घेतलं, आणि स्वतः एक कागद केला. त्यावर सगळी औषधं, कोणी दिलं, कशासाठी, कधीपासून, किती वाजता घेते, बस. त्या कागदावर ॲसिडच्या गोळीपुढे ‘कधीपासून’ या रकान्यात चार वर्षं लिहिताना माझं मलाच धस्स झालं. दोन्ही डॉक्टर त्या कागदाकडे बघून पहिल्यांदा एकाच गोष्टीबद्दल बोलले. ॲसिडची आणि अमिट्रिप्टिलिन दोन्ही हळूहळू कमी करत बंद केल्या, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका प्लीज, आणि लोह गोळीऐवजी सलाईनमधून द्यायचं ठरलं कारण एवढी सूज असताना गोळीतलं आतडं फारसं घेत नाही.

त्याच काळात पंधरा दिवसांची डायरी लिहिली. किती वाजता पडले, किती वेळा उठून चालले, सकाळी सांधे किती वेळ आखडलेले, दिवसा पेंग किती. त्यात एक गोष्ट दिसली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गळून गेलेली असायचे पण पेंग नसायची, पडून राहिले तरी झोप यायची नाही. म्हणजे तो खरा थकवा. बाकीच्या दिवसांची ती झोप. दोन्हीला मी एकच शब्द वापरत होते. आता मी डॉक्टरांसमोर थकवा, पेंग, गुंगी, गळून जाणं हे वेगवेगळं सांगते आणि त्यांना ते खरंच उपयोगी पडतं, मेथोट्रेक्सेटबद्दल सांगितल्यावर त्यांनी त्यासोबत घ्यायच्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचा डोस बदलला तेव्हा त्या दिवसाचं गळणंही थोडं कमी झालं.

लोहानंतर लगेच काही झालं नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की सहा आठवडे तरी धीर धरा, बारासुद्धा लागू शकतात. पाचव्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नव्हता आणि मी पुन्हा रडकुंडीला आले. मग सातव्या आठवड्यात एक दिवस सकाळी उठून डायरी उघडली आणि ‘किती वेळा उठले’ च्या रकान्यात काय लिहू कळेना, कारण उठल्याचं आठवतच नव्हतं.

पूर्ण बरं नाहीये. आठवड्यातून एक-दोन रात्री अजून वळवळ होते, लांबच्या प्रवासात बसून राहिलं की होते. या वळवळीवरचं प्रामिपेक्सोल नावाचं औषध मी विचारलं होतं, डॉक्टर म्हणाले सुरुवातीला छान वाटतं पण काही वर्षांनी त्याच औषधाने त्रास दिवसाही सुरू होऊ शकतो आणि हातांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून ते शक्यतो टाळू, गरज पडली तर गाबापेंटिन थोड्या डोसमध्ये बघू, तेही श्वासाकडे लक्ष ठेवून. एपवर्थ आता 7 आहे. गाडी पुन्हा चालवते, पण आदल्या रात्री झोप झाली नसेल तर चावी घेत नाही.

गेल्या महिन्यात सांधे पेटले, मनगट एवढं सुजलं की कंगवा धरता येईना, आणि थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड द्यावं लागलं. आधी मी ते मुकाट्याने घेतलं असतं, सकाळ-रात्र. या वेळी कागद पुढे केला आणि म्हटलं, डॉक्टर, रात्रीचा डोस घेतला की मला झोप येत नाही, सगळा सकाळी घेतला तर चालेल का? ते म्हणाले चालेल की, आधी का नाही सांगितलंत. सकाळी सातला घेत होते. मनगट ठणकत होतं तरी त्या रात्री सलग पाच तास झोपले.