गोल कुणाचा, ते आवाजावरनं

रविवार, रात्र

पॉल फायफर या कलावंताचं ‘द सेंट्स’, नुसत्या आवाजातून उभं केलेलं काम, काही केल्या डोक्यातून जात नाही. १९६६ची वर्ल्ड कप फायनल, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, ४-२. त्या सामन्यातल्या गर्दीचा आवाज त्यानं नव्यानं घडवला. मनिलात हजारभर फिलिपिनो माणसं एका थिएटरात जमवली आणि त्यांच्याकडून दोन्ही देशांच्या घोषणा, गाणी, आरोळ्या म्हणून घेतल्या. २००७ साली तो आवाज लंडनच्या वेम्बली स्टेडियमजवळच्या एका मोठ्या रिकाम्या जागेत घुमला. ज्यांचा त्या सामन्याशी काडीचा संबंध नाही, त्यांच्या गळ्यातून इंग्लंडचा अभिमान! मला मात्र पुढचा प्रश्न छळतो. ज्यांचा संबंध आहे, पण ज्यांचा आवाज गर्दीत कधी मिसळलाच नाही, त्यांचं काय?

आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावंच बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे लाल माती, मारुती आणि लंगोट. बाईनं तिथला उंबरा ओलांडायचा प्रश्नच नव्हता. मग पेठेचा अभिमान पोरांनी स्टेडियममध्ये ओरडून दाखवायचा आणि बायकांनी घरात जपायचा, अशी वाटणी होऊन गेली. हल्ली शाहू स्टेडियममध्ये मुली दिसतात, ते बघून फार बरं वाटतं. पण गॅलरीचा आवाज अजून पुरुषांचाच आहे, आणि त्यातल्या शिव्या आया-बहिणींवरूनच.

शेजारच्या काकूंना दुपारी विचारलं, तुम्ही कधी मॅच बघितली का?

“बघायची कशाला गं? गच्चीवर पापड घालताना आवाजावरनं सांगतो की मी, गोल कुणाचा झाला ते.”

आणि खरंच सांगितलं. आपला गोल झाला की आवाज एकदम फुटतो आणि मग पसरत जातो. त्यांचा झाला की आधी क्षणभर काहीच नाही, मग लांबच्या बाजूनं येतो. पेनल्टी चुकली तर हजार माणसं एकदम कण्हल्यागत. काकूंचे आधी दीर खेळायचे, मग मुलगा. चिखलाच्या जर्सी धुतल्या, सुजलेल्या गुडघ्यांना हळदीचा लेप लावला, हरून आले की न बोलता ताट वाढलं. एवढी निष्ठा गॅलरीत तरी किती जणांची असेल?

छायाचित्रकार कॅथरीन ओपीनं २००७ ते २००९ या काळात अमेरिकेतल्या शाळकरी पोरांचे, अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांचे, फोटो काढले. अंगावर चिलखतासारखे पॅड आणि वर कोवळे, बुजरे चेहरे. बाईनं खेळणाऱ्या पोरांकडं असं टक लावून बघणं मला फार आवडतं. आपल्याकडं उलटंच जास्त झालं. कुस्तीगीर हमीदा बानूनं १९५४ साली बडोद्यात बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिनं जाहीर केलं होतं. तिकिटं काढून आलेली ती गर्दी कुस्ती बघायला आली होती की लग्न?

आपल्या मुलींपैकी चटकन तोंडात येतात ती दोन नावं नेमबाजीच्या रेंजवरची. तेजस्विनी सावंत, २०१०, म्युनिक, ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्यात, विश्वविजेती. राही सरनोबत, २०१८, आशियाई सुवर्ण, २५ मीटर पिस्तूल. तालमीचा उंबरा नसलेला खेळ. तिथं त्यांनी जग जिंकलं. पण त्यांच्यासाठी पेठा ईर्षेनं भांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर मला करायचंय ते असं. शाहू स्मारकच्या कलादालनात एक खोली. भिंतीवर चित्र नाही, मॅचचा व्हिडिओ नाही, फक्त स्पीकर. त्यांतून पेठेतल्या बायका एक अख्खी मॅच नुसत्या गळ्यानं उभी करतील: सुरुवातीची कुजबुज, कॉर्नर, हुकलेली पेनल्टी, शेवटच्या मिनिटाचा गोल. वाद्य नाही, निवेदन नाही. शिव्या त्यांच्या त्यांनी ठरवाव्यात. तयार शिव्यांपैकी एकही त्यांना देता येणार नाही, आणि त्या जागी काय येतं हे ऐकायला मी अधीर आहे.

काकूंना सांगितलं. त्यांनी पापडाचं पीठ मळता मळता ऐकून घेतलं.

“माझा आवाज घे, नाव नको घालूस. आणि नुसत्या आमच्या पाटाकडीलच्या बायका नकोत. शिवाजी तरुणवाल्यांच्या घरातल्या पण आण. समोर कोण नसल्यावर ओरडायचं कुणाच्या नावानं?”

उद्या त्या गल्लीत जाते.