प्रीअँप कुठला घेऊ? आधी माइक सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घरी रेकॉर्डिंग करणारी मंडळी मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच: 'कमी बजेटमधला चांगला माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण) कुठला?' त्यांना मॉडेलचं नाव हवं असतं आणि मी उलट दोन प्रश्न करतो. माइक कुठला आहे? आणि सध्याच्या इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात, नेमकं काय कमी पडतंय? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण म्हणतात, हिस (मागे सतत येणारी 'स्स्स' अशी खरखर) येतो. काही जण म्हणतात, तसं कमी काही नाही, पण वेगळा प्रीअँप लावला की आवाज प्रोफेशनल येतो म्हणे. या 'म्हणे'वर लोकांचे भरपूर पैसे गेले आहेत.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: इंटरफेसमध्ये माइकचं सॉकेट आहे म्हणजे आत प्रीअँप आहेच. माइकमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टांत असतो, आणि पुढच्या उपकरणांना साधारण एक व्होल्टच्या घरातला लागतो (व्यावसायिक लाइन लेव्हल, +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट). मधली वाढ प्रीअँप करतो. ती किती करावी लागणार हे माइकवर ठरतं, म्हणून मी आधी माइक विचारतो.

शुअर एसएम७बी घ्या. पॉडकास्टवाल्यांचा लाडका डायनॅमिक माइक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणारा. ठरावीक दाबाच्या आवाजाला, म्हणजे ९४ डेसिबलला, तो जेमतेम १.१ मिलिव्होल्ट देतो. तेवढ्याच आवाजाला एखादा मोठ्या डायफ्रामचा (पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे चालायला वीज लागणारा जास्त संवेदनशील माइक, २५ मिलिव्होल्टपर्यंत देऊ शकतो. फरक २७ डेसिबलचा झाला. एसएम७बीला किमान ६० डेसिबल गेन (वाढ) हवा असं शुअरच सांगते. स्कारलेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत कमाल गेन ५६ डेसिबल होता, चौथ्या पिढीत तो ६९ झाला. म्हणजे त्याच माइकसाठी एकाला प्रीअँपची गरज भासेल, दुसऱ्याला अजिबात नाही. तुमच्या इंटरफेसच्या माहितीपत्रकात 'गेन रेंज' हा आकडा शोधा. अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

आता हिस. माहितीपत्रकात ईआयएन नावाचा आकडा असतो. प्रीअँपची स्वतःची खरखर माइकच्या टोकाशी मोजली तर किती भरते, ते तो सांगतो. उणे जितका जास्त तितकं चांगलं. पण याला निसर्गानेच तळ घालून दिला आहे: १५० ओहमचा साधा रेझिस्टरसुद्धा खोलीच्या तापमानाला सुमारे उणे १३१ डीबीयू इतका आवाज करतो. आजचे बरेच स्वस्त इंटरफेस उणे १२७-१२८ला पोचलेत. नाव मोठं असलेला प्रीअँप फार तर उणे १२९ला जाईल. त्या एक-दोन डेसिबलसाठी तुम्ही पैसे मोजणार, आणि डोळे बांधून ऐकवलं तर तो कुणालाही ओळखता येणार नाही.

हेच आकडे खोलीच्या भाषेत मांडून बघा. उणे १२८ डीबीयू म्हणजे सुमारे ०.३ मायक्रोव्होल्ट. २५ मिलिव्होल्टच्या कंडेन्सरला ही खरखर उणे ४ डेसिबलच्या आवाजाइतकी, म्हणजे ऐकू येण्याच्या मर्यादेखाली. त्या माइकची स्वतःची खरखरच तिच्यापेक्षा जास्त असते. एसएम७बीसाठी हिशेब बदलतो: तीच खरखर साधारण २३ डेसिबलच्या आवाजाइतकी भरते. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आणि पंखा किंवा कॉम्प्युटर चालू असेल तर बराच जास्त. हा हिशेब ढोबळ आहे. खोलीचा आवाज खर्जात जास्त असतो, हिस वरच्या पट्टीत असतो आणि कान तो चटकन पकडतो. तरीही, कंडेन्सर वापरणारा माणूस हिसची तक्रार घेऊन आला की मला प्रीअँपपेक्षा खोलीचा संशय जास्त येतो.

संशय कशाला, तपासूनच घ्या. एक एक्सएलआर (माइकच्या केबलचा तीन पिनांचा) मेल प्लग उघडा, पिन २ आणि ३ मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाख देऊन (सोल्डर करून) जोडा, प्लग बंद करा. फॅन्टम पॉवर (इंटरफेस केबलमधून माइकला पुरवतो ते ४८ व्होल्ट) बंद ठेवून हा प्लग माइकच्या जागी लावा. गेन एरवी ठेवता तिथेच ठेवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग माइक लावून, तोंडातून शब्द न काढता, तेवढंच रेकॉर्ड करा. पहिल्या तुकड्यात जे ऐकू येतं ते प्रीअँपचं. दुसऱ्यात जे वाढलं ते माइकचं आणि खोलीचं. नुसता माइक काढून मोकळ्या सॉकेटवर ही तपासणी करू नका, मोकळं इनपुट उगाच जास्त खरखरतं. आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर जी गुणगुण जाते ती बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे एकाहून जास्त वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थिंगची असते. नवा प्रीअँप आणला तरी ती जागची हलणार नाही.

दोषी खोली निघाली तर फुकटातला उपाय आहे: माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, गेन तेवढा कमी पुरतो, आणि खोली आणि प्रीअँप दोघांचीही खरखर मागे पडते. सहा डेसिबलची सुधारणा कुठलाही बजेट प्रीअँप देत नाही. फक्त पॉप फिल्टर ('प', 'फ'चा फुंकर अडवणारी जाळी) लावा, आणि जवळ गेल्यावर फुगलेला खर्ज लो-कटने (खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरने) उतरवा.

इतकं करूनही गेन कमी पडतोय? माइक रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा, क्षीण सिग्नल देणारा) आहे, किंवा डायनॅमिक आहे आणि बोलणारा हळू आवाजाचा? मग पूर्ण प्रीअँप घेण्याआधी इनलाइन बूस्टर, म्हणजे माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा छोटा वर्धक, बघा. क्लाउडलिफ्टर २५ डेसिबल देतो, फेटहेड साधारण २७. दोन्ही इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फॅन्टमवर चालतात आणि ते व्होल्ट पुढे माइककडे जाऊ देत नाहीत. त्यामुळे साध्या रिबनला धोका नाही, पण कंडेन्सर त्यांच्यावर चालणार नाही. माइकच अजून घ्यायचा असेल तर २०२३मध्ये आलेल्या एसएम७डीबीमध्ये १८ किंवा २८ डेसिबलचा बूस्टर आतच आहे.

ट्यूबवाल्या (काचेची जुन्या धर्तीची व्हॅक्यूम नळी असलेल्या) स्वस्त प्रीअँपबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. १२एएक्स७ ट्यूबला नीट काम करायला शंभराच्या वर व्होल्ट लागतात. अशा बऱ्याच डब्यांत ती अगदी कमी व्होल्टवर चालवतात. खरं काम आतले ऑपअँप (वर्धक चिप) करतात आणि ट्यूब थोडं डिस्टॉर्शन मिसळते. ते आवडलं तर जरूर घ्या, पण खिडकीत पेटलेला केशरी दिवा बघून घेऊ नका. नीव १०७३सारख्या जुन्या प्रीअँप डिझाइनचा रंग वेगळा असतो. त्यात ट्रान्सफॉर्मरचा मोठा वाटा आहे, आणि गेन चढवून आउटपुट उतरवलं तरच तो खुलतो. म्हणून त्या धर्तीचा प्रीअँप घेताना आउटपुटची वेगळी कळ आहे ना, हे बघा.

वेगळा प्रीअँप घेतलाच तर त्याचं आउटपुट इंटरफेसच्या माइक इनपुटला लावू नका. एकामागे एक दोन प्रीअँप लागतात, आणि फॅन्टम चालू राहिली तर ४८ व्होल्ट उलटे त्याच्या आउटपुटवर जातात. पाव इंची टीआरएस केबलने लाइन इनपुटला जोडा, इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद ठेवा.

ड्रम किंवा पूर्ण संच रेकॉर्ड करणाऱ्यांचा प्रश्न निराळा, त्यांना चॅनेल हवे असतात. इंटरफेसला ऑप्टिकल अडॅट इनपुट (एका प्रकाशीय केबलवरून आठ चॅनेल घेणारं) असेल तर बेहरिंगर एडीए८२००सारखा डबा एका केबलने आठ प्रीअँप जोडून देतो. क्लॉक (दोन्ही डब्यांना एका तालात ठेवणारा डिजिटल ठेका) मात्र एकाचंच ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते.

वापरलेला जुना प्रीअँप घेताना गेनची कळ तळापासून टोकापर्यंत सावकाश फिरवून ऐका. करकर आली तर पॉट (कळीखालचा बदलता रेझिस्टर) घाण झालाय, ते साफ होतं. शेवटच्या पावभर फेऱ्यात सगळा गेन एकदम उसळत असेल तर ते डिझाइनच तसं, साफ करून फरक पडणार नाही. फॅन्टम चालू करून मल्टिमीटर पिन १ आणि २ला लावा, मग १ आणि ३ला. दोन्हीकडे ४४ ते ५२च्या मधलं, एकसारखं माप यायला हवं. एका पिनवर कमी दिसलं तर तो डबा तिथेच ठेवा.