स्विफ्ट करंट : रोजनिशीतील काही पाने

१४ सप्टेंबर

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील ब्रॅम्प्टन सोडून सस्कॅचेवान प्रांतातील स्विफ्ट करंटला आल्यानंतर सामान एकदाचे जागेवर लागले आहे, मुलीची शाळा सुरू झाली आहे आणि संध्याकाळी लिहायला बसण्याइतकी उसंत मिळू लागली आहे. येण्याची कारणे सरळ होती. तिथे दोघांच्या पगारातील निम्म्याहून अधिक रक्कम दोन खोल्यांच्या भाड्यात जात होती, मला वृद्धनिवासातील कामासाठी दोन बस बदलून जावे लागत होते, आणि त्यातच नवऱ्याला इथल्या एका कडधान्य कारखान्यात प्रतवारीचे काम मिळाले. वृद्धांची शुश्रूषा करणारी माणसे इथे कमीच आहेत, त्यामुळे माझ्या कामाचाही प्रश्न लगेच सुटला.

सोळा-सतरा हजार वस्तीचे हे शहर महामार्गाच्या आणि रेल्वेच्या काठाने वसले आहे. रेल्वे इथे १८८२मध्ये पोहोचली. त्याआधी आठ वर्षे, १८७४मध्ये, क्री, सोटो आणि नाकोडा या इथल्या मूळ रहिवाशांशी सरकारने केलेल्या चौथ्या करारात हा सारा मुलूख आला होता. नव्या जागी राहायला आलेल्या माणसाने ती जागा आधी कोणाची होती, हे निदान माहीत करून घ्यावे असे मला वाटते, म्हणून हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

शहराबाहेर पडले की पहिल्यांदा जाणवते ती जमिनीची आखणी. मैलभर लांब आणि मैलभर रुंद, म्हणजे ६४० एकरांचा एक चौकोन. त्याला लागून तसाच दुसरा. आणि त्यांच्यामधून मैला-दोन मैलांवर काटकोनात जाणारे खडीचे सरळ रस्ते. १८७२च्या कायद्याने यातील पाव चौकोन, म्हणजे १६० एकर, दहा डॉलर नोंदणी शुल्क भरणाऱ्या आणि तीन वर्षे तिथे राहून जमीन कसणाऱ्या माणसाला मिळत असे. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावे आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेले गुंठे आहेत. बांधावरून होणारी भांडणे ऐकत वाढलेल्या मला बांधच नसलेले हे रान अजून नीट वाचता येत नाही. नजर कुठे थांबवावी, हे कळायलाच बरेच दिवस गेले.

२ ऑक्टोबर

सुगी संपली. आम्ही आलो तेव्हा मसुराची काढणी जोरात चालू होती आणि रात्री उशिरापर्यंत शिवारात यंत्रांचे दिवे हलताना दिसत होते. आज कारखान्यात कुटुंबीयांना आत नेऊन सारे दाखवले. नवऱ्याने एका पांढऱ्या ताटलीत मसुराचा नमुना ओतला आणि चिमट्याने दाणे वेगळे करू लागला. पावसाने डागाळलेले एका बाजूला, फुटलेले दुसऱ्या बाजूला, सुरकुतलेले तिसऱ्या बाजूला. मातीचा एक वाटाण्याएवढा खडा निघाला, तोही त्याने वेगळा तोलला. मग ओलाव्याचे यंत्र. आकडा चौदाच्या आत आला की माल साठवायला निर्धोक समजतात.

माझे अण्णा लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात मुनीम होते. पोत्यात हात घालून मूठभर तूर काढायची, तळहातावर पसरून फुंकर मारायची आणि दोन दाणे दाताखाली फोडून ओल किती आहे ते सांगायचे, ही त्यांची रीत होती. फुटण्याच्या आवाजावरून त्यांना कळत असे. सकाळी सौदा निघाला की भाव काय लागला, हे आमच्या घरात चहाच्या आधी कळायचे. आज ते यंत्र आकडा दाखवीपर्यंत मी अण्णांच्या जबड्याची ती हालचाल आठवत उभी होते.

कॅनडा हा जगातील सर्वांत मोठा मसूर निर्यातदार देश आहे आणि त्यातील बहुतेक सगळा मसूर याच प्रांतात पिकतो, हे इथे येण्याआधी मला ठाऊक नव्हते. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी इथे हे पीक जवळजवळ नव्हतेच. गहू घ्यायचा आणि पुढच्या वर्षी जमीन नुसती मोकळी ठेवायची, अशी पद्धत होती. याच प्रांतातील सस्कटून शहराच्या विद्यापीठात १९७१मध्ये पीक विकास केंद्र सुरू झाले, तिथून १९७८मध्ये लेयर्ड नावाचे मोठ्या हिरव्या मसुराचे वाण आले आणि मोकळ्या ठेवलेल्या जमिनीत हळूहळू कडधान्य आले. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते, पाणी कमी लागते. हे लातूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

मसुराचे झाड जेमतेम गुडघ्यापर्यंत येते आणि शेंगा अगदी बुडाशी लागतात. म्हणून पेरणी झाल्यावर रानावरून प्रचंड लोखंडी रूळ फिरवून दगड जमिनीत दाबून टाकतात, नाहीतर काढणीच्या यंत्राचे पाते जमिनीलगत चालवता येत नाही. त्याहून मोठे दगड पिढ्यान्‌पिढ्या वेचून शेताच्या कोपऱ्यात रचलेले आहेत. ते ढीग पाहिले की या सपाट जमिनीवर किती कंबरा मोडल्या असतील याची कल्पना येते.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर २०१७मध्ये भारताने मसुरावर ३० टक्के आयात शुल्क लावले. त्याच्या महिनाभर आधी वाटाण्यावर ५० टक्के लावले होते. तुरीचे भाव पडून मोंढ्यात शेतकरी हवालदिल झालेले मी त्या वर्षी घरी गेले असताना डोळ्यांनी पाहिले होते आणि बाहेरचा माल थांबवला हे योग्यच झाले असे अण्णांसारखेच मलाही वाटले होते. आज कारखान्यातील एका जुन्या कामगाराने त्याच हिवाळ्याची आठवण सांगितली : शेतकऱ्यांच्या कोठारांत माल पडून राहिला, कारखान्याच्या पाळ्या कमी झाल्या आणि काही जण गाव सोडून गेले. मला अजूनही लातूरच्या शेतकऱ्याचीच बाजू आधी दिसते, आणि ती दिसावीच. मात्र आता दुसऱ्या टोकाच्या माणसाचा चेहराही माझ्या ओळखीचा झाला आहे, आणि यापुढे भावाची बातमी मला एका बाजूने ऐकता येणार नाही.

६ नोव्हेंबर

ओंटारिओत परवा घड्याळे मागे झाली. इथे ती हलवत नाहीत. लातूर आणि स्विफ्ट करंट यांच्यात वर्षभर साडेअकरा तासांचे अंतर राहते, त्यामुळे मी सकाळी आठला कामावर निघण्यापूर्वी फोन करते तेव्हा आईचा देवापुढचा दिवा लागून झालेला असतो. एवढ्याशा स्थैर्याचेही आईला केवढे समाधान आहे.

रात्री इथे खरोखरच काही ऐकू येत नाही. मालगाडी जाते तेवढीच. वारा असतो, पण तो सततचाच असल्यामुळे त्याचा आवाज कानाला वेगळा कळेनासा झाला आहे. मुलगी सुरुवातीला म्हणायची, “आई, इथे सगळे कुठे गेले?” मी तिला सांगत असे की आधीपासूनच कमी माणसे आहेत. हे उत्तर पुरते खरे नाही, असे आता कामावरच्या गप्पांतून कळू लागले आहे.

१८ जानेवारी

उणे एकतीस. रात्रभर गाडीचे इंजिन विजेच्या तारेने गरम ठेवावे लागते. घरापुढे, दवाखान्यापुढे, कामाच्या ठिकाणी, सगळीकडे त्यासाठी ती तार जोडायचे खांब आहेत. श्वास घेतला की नाकातील केस गोठल्यासारखे होतात. आकाश मात्र अतिशय निळे आणि ऊन लख्ख.

मागच्या आठवड्यात वाऱ्याने जमिनीवरचे बर्फ असे उडवले की डोक्यावर निळे आकाश असूनही रस्ता दिसत नव्हता. नवऱ्याला कारखान्यावर थांबावे लागले. सकाळी उठून पाहते तो आमच्या दारापुढचे बर्फ कोणीतरी उपसून टाकलेले. समोरच्या घरातील निवृत्त गृहस्थांनी ते केले होते. आभार मानायला गेले तर त्यांनी मला दारात उभे करून गाडीत काय काय ठेवायचे ते सांगितले : फावडे, घोंगडी, मेणबत्ती, काड्यापेटी, खाण्याचे काही, गाडी अडकली तर ती सोडून चालू लागायचे नाही. सांगून झाल्यावर ते सगळे मला म्हणून दाखवायला लावले. ब्रॅम्प्टनमध्ये शेजारच्या दारामागे कोण राहते, हे इतक्या वर्षांत मला कळले नव्हते. इथे माझ्या खिडकीत दिवा लागला नाही, तर तो का लागला नाही हे कोणीतरी विचारते. काही जणांना याचा जाच वाटेल. मला याचा आधार वाटतो, आणि तो मी मनापासून स्वीकारते.

२२ फेब्रुवारी

निवासातील आजी-आजोबांना सकाळी आंघोळ घालताना, केस विंचरताना मी त्यांचे गाव विचारते. आपल्याकडे दोन मराठी माणसे भेटली की पहिला प्रश्न तोच असतो. पण इथे पुष्कळ जण एखादे नाव सांगतात आणि लगेच पुढे जोडतात की आता तिथे काही नाही.

हळूहळू चित्र जुळत गेले. बैलगाडीऐवजी घोड्यांची गाडी होती, पण हिशेब तोच होता : धान्य घेऊन जाऊन दिवसाच्या आत परत येता यावे, म्हणून रुळांच्या काठाने सात-आठ मैलांवर एकेक स्थानक आणि तिथे धान्य चढवून साठवण्याचा उंच लाकडी मनोरा. १९३०च्या दशकात या एका प्रांतात असे तीन हजारांहून अधिक मनोरे होते. मनोऱ्याच्या पायथ्याशी दुकान, टपाल, चर्च. शेतांच्या मधोमध एका खोलीच्या शाळा, मुले चालत किंवा घोड्यावर येऊ शकतील इतक्या अंतरावर. अशा शाळांचे सुमारे पाच हजार विभाग होते. मग त्याच तीसच्या दशकातील दुष्काळ आणि धुळीची वादळे आली, पुढे ट्रक आले, पक्के रस्ते आले, यंत्रे मोठी झाली. १६० एकरांवर भागेना. २०२१च्या गणनेत या प्रांतातील शेताचे सरासरी क्षेत्र सतराशे एकरांच्या वर आहे, म्हणजे जिथे एकेकाळी दहा-अकरा चुली पेटत होत्या तिथे आज एक पेटते. शाळा मिटल्या, रेल्वेच्या शाखा उखडल्या, मनोरे पाडले गेले. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाणी पडणाऱ्या मुलखात एवढी माणसे वसवली गेली, हेच मुळात धाडस होते. २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आमच्या लातूरने प्यायले आहे, त्यामुळे कोरड्या आकाशाखाली राहणाऱ्यांचे हट्ट मला कळतात.

याच विरळ माणसांनी १९४६मध्ये स्विफ्ट करंटच्या परिसरात स्वतः मतदान करून आणि डोईपट्टी व जमिनीवरील कर भरून सर्वांसाठी डॉक्टर व रुग्णालय यांची सोय उभी केली. टॉमी डग्लस तेव्हा प्रांताचे प्रमुख होते. पुढे १९६२मध्ये सगळ्या प्रांतात आणि नंतर देशभर जी आरोग्यव्यवस्था आली, तिची एक मोठी तालीम इथे झाली होती. मी ज्यांचे केस विंचरते त्या आजी तेव्हा शाळकरी होत्या. डॉक्टर यायला आता पैसे मोजून ठेवावे लागणार नाहीत, असे वडील जेवताना म्हणाल्याचे त्यांना आठवते. ही आठवण सांगताना त्यांचा आवाज चढला, आणि मी विंचरायची थांबले.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी आता तिला नीट दिले आहे. इथली शांतता पूर्वीपासूनची नाही. ती माणसे गेल्यामुळे झालेली शांतता आहे. कुठे गेली, का गेली, हेही तिला कळेल अशा शब्दांत सांगितले. तिने नकाशावर हात ठेवून विचारले की मग आपण आलो हे बरे झाले ना. मी हो म्हटले.

२४ मे

पेरण्या उरकत आल्या आहेत. कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या छातीचे मेडोलार्क बसून गातात. इतक्या लहान पक्ष्याचा आवाज मोकळ्या रानात फार लांब जातो.

त्याच आजींना आज त्यांच्या शाळेची जागा दाखवायला नेले. त्यांच्या मुलाची परवानगी होती आणि तोही बरोबर आला. खडीच्या रस्त्याने जाताना समोरून आलेल्या एकुलत्या एका ट्रकच्या चालकाने चाकावरून बोट उचलून नमस्कार केला आणि आजींनी मागच्या आसनावरून तितक्याच गांभीर्याने हात हलवला. शाळा उरलेली नाही. दगडी चौथऱ्यावर एक पाटी आहे : शाळेचे नाव, विभागाचा क्रमांक, सुरू झाल्याचे आणि बंद झाल्याचे साल. भोवतीच्या रानात मसूर उगवून चार बोटे वर आला होता आणि रूळ फिरल्याच्या सपाट पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. शेतकऱ्याने चौथऱ्याभोवतीचा खोलीएवढा तुकडा न नांगरता सोडला आहे. तेवढा तुकडा त्याने आजवर पेरला असता तर कोणी विचारायला आले नसते.

जुन्या किल्लारीच्या जागेवर मी लहानपणी आईबरोबर गेले होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ते गाव एका झटक्यात गेले आणि माणसे नव्या जागी वसवली गेली. इथली गावे कोणत्याही एका तारखेला उठली नाहीत, त्यामुळे त्यांचा शोकदिनही नाही. आजींनी पाटीवर हात टेकवून वर्गातल्या मुलांची नावे बाकांच्या क्रमाने सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मुलाने ती यापूर्वी ऐकली नव्हती. माझ्याजवळ कामाची वही होती. तिच्यात मी बाके काढली आणि आजी सांगतील तसतशी नावे लिहीत गेले. खिडकीकडची रांग पूर्ण झाली आहे. शेगडीजवळच्या रांगेतील दोन नावे त्यांना आठवेनात, म्हणून निवासातील दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना विचारायचे ठरले आहे. ते शेजारच्या शाळेत होते आणि खेळांच्या दिवशी या मुलांशी धावले होते. सोमवारी माझी सकाळची पाळी आहे, तेव्हा नाश्त्यानंतर वही घेऊन वर जाईन.